बाटलीत नसलेल्या चार नलिका

प्राध्यापक दत्तात्रेय हरि वावोशीकर यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणाने. इंटर सायन्सच्या वर्गात प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक चालू होते. प्रत्येकाच्या पुढे काचेच्या बशीत एकेक छत्रिक ठेवले होते. छत्रिक म्हणजे समुद्रात तरंगणारा, पारदर्शक, छत्रीच्या आकाराचा जीव. ओहोटीनंतर वाळूवर थुलथुलीत गोळे पडलेले आपण पाहतो, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद. पण हा मुगाच्या दाण्याएवढा. भिंगाशिवाय पाहिला तर पाण्यातला बुडबुडाच. मी भिंगाला डोळा न लावता पुस्तकातली आकृती वहीत उतरवली, छत्रीच्या कडेला सोळा धागे काढले आणि सगळ्यांच्या आधी उठलो. सरांनी वही पाहिली, माझी बशी पाहिली, पुन्हा वही पाहिली.

“ठोंबरे, हे सोळा धागे कुठे दिसले?”

“पुस्तकात सोळाच आहेत, सर.”

“तुमच्या बशीत तेरा आहेत. म्हणजे प्राणी चुकला म्हणायचा.”

वर्ग हसला. माझे डोके तेव्हाही आजच्यासारखेच होते. मी ते पान टरकावून टेबलावर टाकले आणि दार आपटून बाहेर पडलो. संध्याकाळी वसतिगृहावर कॉलेजचा शिपाई सरांची चिठ्ठी घेऊन आला. मला वाटले, दंड किंवा हकालपट्टी. चिठ्ठीत होते, “उद्या सकाळी आठ वाजता यावे. प्राणी बशीत तसाच ठेवला आहे. तो रागावलेला नाही.”

सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी अधिकारी माणसे लिहितीलच. मी कॉलेज अर्ध्यावर टाकलेला माणूस. मला तो अधिकार नाही. पण सरांच्या आयुष्यभराच्या ग्रंथाचे हस्तलिखित गेली काही वर्षे माझ्या हातून लिहिले जाते, आणि त्याच्या पहिल्या पानावर सरांनी मला एक वाक्य लिहायला लावले आहे: “पुढील नमुने माझ्या हयगयीने नष्ट झाले.” हे वाक्य खोटे आहे. सरांच्या नावावर कागदावर उतरलेले मला माहीत असलेले हे एकच खोटे वाक्य. ते खोडायची परवानगी ते मला देत नाहीत, म्हणून ते खोडायला मी येथे आलो आहे. संपादकांना विनंती की बाकी हवे ते गाळावे, एवढे गाळू नये.

मी कॉलेज सोडले ते बेचाळीसच्या ऑगस्टनंतर. सगळा वर्गच बाहेर पडला होता. पुढे कॉलेजने माफीपत्र मागितले, इतरांनी ते लिहून दिले आणि परीक्षेला बसले. मी माझे फाडले. गावात सांगितले की देशासाठी सोडले. खरे सांगायचे तर मला कोणी ‘लिही’ म्हटले की न लिहिण्याचा हट्ट चढतो, आणि एकदा चढला की उतरायची लाज वाटते. खालापूरला घरी आलो. वडील भाताची शेती करतात. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही आणि पुढे सहा महिने एक शब्द बोललेही नाहीत.

अशात कानावर आले की कोणी मास्तर मुंबईहून बॉम्बच्या भीतीने कर्जतला भिसेगावात राहायला आले आहेत आणि त्यांच्या सामानात भांडीकुंडी कमी आणि बाटल्या जास्त आहेत. बाटल्यांत पाणी, पाण्यात काहीच नाही, असे लोक सांगत. गावाने तोवर त्यांना ‘बुडबुडेमास्तर’ हे नावही देऊन टाकले होते. मी समजलो. दुसऱ्याच दिवशी चालत भिसेगाव गाठले. सर ओटीवर बसून बाटल्यांची बुचे मेणाने बंद करत होते. त्यांनी वर पाहिले आणि काल प्रात्यक्षिक संपल्यासारखे म्हणाले, “बरं झालं आलात. ही बाटली धरा.”

मी धरली. ती अजून धरून आहे असेच म्हटले पाहिजे.

सरांचे काम थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. कोकणच्या खाड्यांत जी लहान छत्रिके सापडतात त्यांची रचना तपासून त्यांची कुळे लावणे, हे ते काम. छत्रीच्या आत मधोमध घंटेच्या लोलकासारखा एक अवयव लोंबतो. त्याच्या टोकाला तोंड. लोलकाच्या मुळापासून छत्रीच्या कडेपर्यंत बारीक नलिका जातात, बहुधा चार, कधी जास्त. कडेला आतल्या बाजूने एक पातळ पडदा, आणि बाहेर धागे. धाग्यांच्या मुळाशी कोणाला तांबडे ठिपके असतात, ते त्याचे डोळे. कोणाला ठिपक्यांऐवजी सूक्ष्म खडे असतात, त्यांवरून तो आपला तोल राखतो. हे सगळे मुगाएवढ्या जागेत. आणि कूळ ठरते ते जननग्रंथी कुठे आहेत यावरून. लोलकावर असतील तर एक गण, नलिकांवर असतील तर दुसरा. सर म्हणत की माणसाचे आडनाव विचारावे तसे छत्रिकाला आधी हे विचारावे, रंगरूप मागाहून.

या प्राण्याचे जवळजवळ सारे अंग पाण्याचेच असते. म्हणून तो समुद्राच्या पाण्यात कालवलेल्या फॉर्मालिनमध्येच टिकतो. सर त्यात शिंपल्यांचा चुरा टाकत, म्हणजे ते आंबट होऊन तोलाचे खडे विरघळवत नाही. स्पिरिटमध्ये किडे, मासे, साप सगळे राहतात, छत्रिक राहत नाही. अंगातले पाणी ओढले जाऊन त्याची चिंधी होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला हे सांगितले होते. “दारूत माणूसही टिकत नाही आणि छत्रिकही,” असे ते हसून म्हणाले होते. मला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय मला नाही.

समुद्र कर्जतपासून लांब. पण पाताळगंगा नदीत आपटा गावाच्या खाली भरतीचे पाणी चढते, आणि पाऊस सरून पाणी निवळले की तिथे छत्रिके मिळतात. सर बैलगाडीने जात. गाडी भिसेगावच्या गोमाची. पहिला मुक्काम खालापूरला आमच्या घरी, दुसऱ्या दिवशी खाडी. मलमलीचे जाळे, चार बरण्या, आणि परत येताना बरण्यांत खारे पाणी. बरण्या लोणच्याच्या. सरांच्या थोरल्या विधवा भगिनी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, त्या घर चालवतात. त्यांनी एका उन्हाळ्यात सरांना विचारले की यंदा कैरी कशात घालू, तुझ्या बुडबुड्यांच्या पाण्यात का? सर गंभीरपणे म्हणाले की मीठ पुरेसे आहे, घालून बघ. तीन दिवस माईंनी त्यांना वाढताना तोंड फिरवले होते.

गोमाला तर या पाण्याचे कोडे कधी सुटलेच नाही. “मास्तर, आमच्या उल्हासेला काय धाड भरलीय? हितं दारात नदी हाय आन् तुमी दोन दिस बैलं झिजवून खारं पानी आनताव. प्याचं नाय, वापरायचं नाय. देवाला वाहताव का काय?” सर त्यालाही अहोजाहो करत आणि दर खेपेला नव्याने समजावत. त्यांनी गोमाला कधी ‘तुला नाही कळायचं’ म्हटलेले मी ऐकले नाही. मी शंभरदा म्हटले.

या प्राण्याची एक मौज आहे. त्याच्या जन्माचा पहिला भाग तो छत्री नसतोच. खाडीतल्या शिंपल्यावर, होडीच्या बुडाला झाडाच्या फांदीसारखा चिकटून बसलेला असतो. त्या फांदीला कळ्या येतात आणि कळी सुटून पोहायला लागते, तीच छत्री. शास्त्रात गंमत अशी की झाड पाहणारे पंडित वेगळे, छत्री पाहणारे वेगळे. दोघांनी आपापली नावे ठेवली. एकाच जिवाला दोन नावे, दोन कुळे, दोन ग्रंथ. कोणते झाड कोणत्या छत्रीचे, हे कळायला एकच मार्ग: झाड जिवंत पाळायचे आणि कळी सुटेपर्यंत पाहत बसायचे. समुद्रकाठच्या मोठ्या प्रयोगशाळांतही हे सोपे नाही. सर ते भिसेगावात, लोणच्याच्या बरणीत करत होते.

एका सकाळी कळी सुटली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. सरांनी माईंना चुलीपुढून उठवले, मला अंगणातून बोलावले, गोमा बैलांना वैरण टाकत होता त्यालाही. त्याने बराच वेळ भिंगातून पाहिले.

“ह्यो तर धडधडतोय. ह्याचं काळीज कुठं हाय, मास्तर?”

“काळीज नाही, गोमाजी. मेंदूही नाही.”

“मंग ह्या ठोंबऱ्यापरीस बरा. ठोंबऱ्याला मेंदू नाय पन काळीज हाय, त्यानं जास्त तरास.”

सर मोठ्याने हसले. मला राग आला, कारण सरांच्या भाची तिथे उभ्या होत्या आणि त्याही हसल्या.

ही गोष्ट मुंबईला लिहून पाठवू, असे मी सरांना म्हटले. ते म्हणाले, एकदा दिसले ते दिसले नाही असे धरायचे. तीनदा दिसले की लिहायचे. तिसऱ्यांदा दिसायला दोन वर्षे लागली. तेवढ्यात लढाई संपून परदेशी नियतकालिकांचा साचलेला गठ्ठा आला आणि त्यात तेच झाड, तीच छत्री, दुसऱ्या कोणाच्या नावावर छापलेली. मी गठ्ठा भिरकावला. सरांनी तो उचलला, धूळ झटकली, लेख दोनदा वाचला आणि म्हणाले, “चला, आपलं बरोबर होतं.” त्यांच्या आवाजात मी दुःख शोधले. असेल तर ते मला सापडले नाही.

त्यांनी माझ्या घरावर केलेला उपकारही सांगितला पाहिजे. वडिलांचा अबोला त्यांच्या लक्षात आला होता. एका मुक्कामाला ते माझ्या बाजूने काही बोलतील म्हणून मी धास्तावलो होतो. त्यांनी माझा विषयच काढला नाही. ते वडिलांच्या शेजारी पडवीत बसले आणि विचारू लागले की भाताच्या जाती तुम्ही ओळखता कशा. रोप दिसायला सगळे सारखेच ना? वडील आधी हूं हूं करत होते. मग म्हणाले, “रोपात नाय वळखत, मास्तर. कोनी सांगल तर थापा. लोंबी बाहेर पडल्याबिगर भाताची जात सांगू नये.” सर मांडीवर थाप मारून म्हणाले की आमचेही तेच; ग्रंथी पिकल्याशिवाय छत्रिकाचे कूळ सांगू नये. मग तासभर दोघे जातींविषयी बोलत होते. उठताना वडील माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तरांस्नी पानी दे रं.” सहा महिन्यांतले ते पहिले वाक्य.

आता पुढचे.

सरांच्या भाचीविषयी मी येथे नाव घेऊन लिहिणार नाही. त्या आता परगावी आपल्या घरी सुखाने नांदत आहेत, त्यांना यातले काही माहीत नाही आणि त्यांनी मला कधी कसला शब्दही दिला नव्हता. त्या सरांकडेच राहत आणि ग्रंथाच्या आकृत्या काढत. बशीतला प्राणी, भिंग आणि टोकदार पेन्सिल, अशा त्या सकाळी ओटीवर बसत, आणि तेरा धागे असतील तर तेराच काढत. भिसेगावात मी पहिल्या दिवशी सरांसाठी गेलो. दुसऱ्या दिवसापासून कोणासाठी जात होतो हे गोमाच्या बैलांनाही कळत होते. मी त्यांना एकदा काहीतरी बोललोही. त्या म्हणाल्या, “तुम्ही आधी परीक्षा द्या हो.” ते त्या थट्टेने म्हणाल्या की मनापासून, याचा विचार करण्यात माझे एक वर्ष गेले, परीक्षा मी दिली नाही.

त्यांचे लग्न ठरले तेव्हा ग्रंथातल्या नऊ जातींच्या आकृत्या राहिल्या होत्या. त्या जातींचे नमुने बाटल्यांत होते, वर्णन व्हायचे होते. चैत्राचा उन्हाळा होता, बाटल्यांतले पाणी आटून प्राणी वर उघडे पडू लागले होते, आणि बाजारात फॉर्मालिन मिळत नव्हते. सरांचे मुंबईत एका औषधवाल्याकडे वजन होते. त्याने थोडे राखून ठेवले होते, मात्र एका ठरलेल्या दिवशी दुपारपर्यंतच. सरांनी मला चिठ्ठी देऊन पाठवले. सरांना स्वतःला प्रवास जमत नव्हता. डोळ्यांत काचबिंदू झाल्याचे त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितले होते.

मी ठाण्याला उतरलो. मुलीकडचे लग्नघर ठाण्यात होते. मला फक्त एकदा पाहायचे होते, आणि मग पुढच्या गाडीने जायचे होते. समोर एक बंद दुकान होते, त्याच्या पायरीवर मी उभा राहिलो. मांडव घालत होते. माणसे आत जात, बाहेर येत. पुढची गाडी गेली, तिच्या पुढची गेली. दुपार टळली. औषधवाल्याकडे पोहोचलो तेव्हा त्याने फॉर्मालिन दुसऱ्याला देऊन टाकले होते.

त्या वेळी भिसेगावला जाऊन ‘मिळाले नाही’ एवढे दोन शब्द बोललो असतो तर काही बिघडले नसते. सरांनी खारे पाणी आणवले असते, बाटल्या ओल्या फडक्यात ठेवल्या असत्या, काहीतरी केले असते. पण का मिळाले नाही हे त्यांनी विचारले असते. मी कर्जतला न जाता डोंगरालगतच्या वाडीवर गेलो आणि मोहाची दारू घेतली, पहिल्या धारेची. देणाऱ्या म्हाताऱ्याने माझा डबा पाहून विचारले, “येवढी? कोनाचं लगीन हाय रं?” मी पैसे मोजून दिले. दुसऱ्या दिवशी सर जेवायला आत गेले असताना मी एकेक बूच काढले आणि प्रत्येक बाटलीत ती भरली. थोडेच तर घालायचे आहे, पुढच्या महिन्यात खरे फॉर्मालिन आणून बदलू, अशी माझी समजूत. बाटल्या जवळजवळ कोरड्या होत्या हे मी मनाला सांगितले नाही. सरांना वास आला नाही. तीस वर्षे फॉर्मालिनवर वाकून त्यांचे नाक केव्हाच गेले आहे. माई तर लग्नासाठी ठाण्याला होत्या.

आठवड्याने सरांनी त्या नऊंतली पहिली बाटली मागितली. उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. मी मागे उभा होतो आणि मला दिसत होते की तळाशी पांढुरक्या चिंध्या आहेत, प्राणी नाही. मग सरांनी बाटली माझ्याकडे दिली.

“ठोंबरे, मला आता दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, पण ही वेळ एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही बघून सांगा. नलिका किती?”

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. मी म्हणालो, “चार.”

“ग्रंथी?”

“नलिकांवर, सर.”

हे मी सरांच्या जुन्या टिपणवहीतून सांगत होतो. खाडीवर घाईत केलेल्या दोन-दोन ओळींच्या नोंदी होत्या, त्या मला पाठ होत्या. जिथे नोंद अपुरी होती तिथे मी भर घातली. धागे किती विचारले की मी भिंगाला डोळा लावून मोजल्यासारखे करायचो आणि एक आकडा सांगायचो. सर तो लिहून घ्यायला सांगत, म्हणजे लिहायचाही मीच. अकरा दिवस हे चालले. अकरा दिवसांत नऊ जातींची वर्णने पुरी झाली. सर म्हणाले की तुमची नजर फार तयार झाली आहे, ग्रंथावर माझ्याबरोबर तुमचेही नाव घालू. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. इतकेच. खरे मात्र बोललो नाही.

ते बाहेर काढले गोमाने. तो सारवायला मातीची पाटी घेऊन ओटीवर आला आणि नाक वर करून थबकला.

“मास्तर, तुमच्या बाटल्यांस्नी मोहाचा वास मारतोय. जनावरं झिंगून पडली असतील, बघा.”

सर हसले नाहीत. त्यांनी हाताला आली ती बाटली घेतली, बूच काढले, बोट बुडवले आणि जिभेला लावले. मग बूच नीट परत बसवले.

“किती बाटल्यांत?” त्यांनी मला विचारले.

“सगळ्यांत.”

“मग त्या चार नलिका कुठे पाहिल्यात?”

“वहीत.”

गोमा पाटी तिथेच ठेवून निघून गेला. मी सरांच्या शिव्यांची वाट पाहत होतो. मला त्या हव्या होत्या. सरांनी डोळ्यांपुढे हात धरला, बोटे हलवली, भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाले, “म्हणजे माझे डोळे गेले नव्हते. थोडे आहेत अजून.”

अकरा दिवस ते आंधळे झाल्याच्या समजुतीत जगले होते, आणि मला तेही दिसले नव्हते.

मग त्यांनी विचारले की मी त्या दिवशी कुठे होतो. मी ठाण्याचे सांगितले. ते म्हणाले,

“ती तिथे नव्हती हो. तिला देवीच्या दर्शनाला नेलं होतं, माईबरोबर. दुसऱ्या दिवशी आली.” आणि मग, “अहो, मला सांगायचंत. फॉर्मालिन आणायला मी दुसऱ्या कोणालाही पाठवलं असतं.”

माझ्या आयुष्यात मला कोणी याहून कठोर बोललेले नाही, आणि सरांनी ते कठोरपणे म्हटले नव्हते.

त्याच दुपारी त्यांनी हस्तलिखित मागितले आणि ती नऊ वर्णने माझ्या हाताने खोडायला लावली, प्रत्येक ओळ वेगळी. मी म्हणालो की निम्मी माहिती तुमच्याच नोंदींतली आहे, बाकी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही हे प्राणी जिवंत पाहिले आहेत. आठवते, ते म्हणाले, पण आठवणीला भिंग लावता येत नाही. मग पहिल्या पानावर ते वाक्य लिहवले. ‘माझ्या’ लिहिताना माझा हात थांबला तेव्हा म्हणाले, “बाटल्या माझ्या घरात होत्या. लिहा.” मला त्यांनी घालवले नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही तर गोमाला खालापूरला पाठवले. गोमा दारातूनच म्हणाला, “मास्तर इचारतान, बाटल्या धुवायच्या हायत त्या कोनी धुवायच्या?”

बाटल्या मी धुतल्या.

आज काय स्थिती आहे, ते सरांच्या मित्रमंडळींना माहीत असावे म्हणून सांगतो. ग्रंथ थांबलेला आहे. त्या नऊ जातींशिवाय कुळांची मांडणी उभीच राहत नाही. दोन गणांच्या मधले दुवे त्यांच्यातच होते. गेले दोन हिवाळे आम्ही पुन्हा खाडीवर जातो. सर गाडीत मागे बसतात, मी जाळे टाकतो, गोमा बरण्या धरतो. नऊंपैकी एक मिळाला. उरलेल्या आठांतला एक सरांना पंचवीस वर्षांत एकदाच भेटला होता, एका माघातल्या सकाळी. पूर्वी होड्या कमी होत्या, पाणी स्वच्छ होते, असेही सर म्हणतात. मला वाटते ते माझ्या समाधानासाठी म्हणतात. त्यांच्या दृष्टीचा घेर दर सहा महिन्यांनी आवळत आहे. बाजूचे काही दिसत नाही. बांबूच्या नळीतून पाहावे तेवढे समोरचे दिसते. ते म्हणतात की सूक्ष्मदर्शकाला तेवढेच लागते. डॉक्टरांना मी एकट्याने विचारले. त्यांनी हात पुसत पुसत दुसराच विषय काढला.

मी पाहून सांगेन आणि ते लिहवतील, हा मार्ग आता नाही. सरांनी तो बंद केलेला नाही. मीच तो वापरू शकत नाही. मला खरोखर चार नलिका दिसल्या तरी ‘चार’ म्हणताना माझी जीभ जड होते. सरांनी स्वतः पाहिल्याशिवाय माझ्या शब्दाला किंमत नाही, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

हा लेख मी सरांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या: कडेच्या पडद्याविषयीचे वाक्य अपुरे आहे, आणि माईंनी तोंड तीन नव्हे, चार दिवस फिरवले होते. पहिली मी केली नाही, कारण मला ती नीट कळली नाही. दुसरी माईंनीच नाकारली.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते, आणि या ग्रंथात ते सगळेच चिंततील. सर शंभर वर्षे जगोत. त्यांच्या घराण्यात माणसे खूप जगतात, तेव्हा ते कदाचित होईलही, आणि त्यांची प्रकृती अशीच धडधाकट राहो. मला भय आहे ते त्या वर्षांतल्या काळोखाचे, ज्यात ते ओटीवर बसून राहतील आणि मी बाटली हातात घेऊन त्यांच्यापुढे उभा असेन. म्हणून मी मागतो ते वर्षांचे नाही. त्यांच्या डोळ्यांत ती जी नळीएवढी फट उरली आहे, ती आठ प्राण्यांपुरती उघडी राहो. तसे घडेल असे मला वाटत नाही. खोटा धीर देण्याइतका मी आता धीट राहिलेलो नाही. तरी कार्तिकात पाणी निवळले की आम्ही निघू. सर, जाळ्यात जे येईल ते मी तुमच्या भिंगाखाली ठेवीन. तुम्ही बघा. आणि तो प्राणी तो नसेल, तर ‘नाही’ म्हणायला तुम्ही असा.